उदककुंभ आणि परक्यांचे ऋण

आज वैशाख शुद्ध तृतीया. या दिवशी दिलेले दान क्षय पावत नाही, अशी आपली श्रद्धा आहे. मग घेतलेल्या दानाचे ऋण तरी आपोआप कसे क्षय पावेल?

परदेशी देणग्यांचा कायदा २०२० मध्ये अधिक कडक झाला. धर्मांतराचा वादही वरचेवर पेटतो. हिशेब तपासणे हे राजसत्तेचे कर्तव्यच होय. परंतु या कोलाहलात एक ऋण विस्मृतीत जाऊ नये.

पंडिता रमाबाई या पुराणिकाची कन्या. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘सरस्वती’ म्हणून गौरविले. १८८३ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८७ मध्ये बोस्टन येथे स्थापन झालेल्या मंडळाने दहा वर्षांच्या साहाय्याचे वचन दिले, म्हणून १८८९ मध्ये मुंबईस विधवांसाठी शारदासदन उघडले. तेथील मुली ख्रिस्ती प्रार्थनेस बसतात म्हणून १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांनी सल्लागारपद सोडले. तो आक्षेप आजही विचारार्ह आहे. तथापि १८९६-९७ च्या दुष्काळात शेकडो निराधार मुली केडगावी जगल्या, त्या परदेशी ख्रिस्ती दात्यांच्या पैशावर, हेही तितकेच खरे. त्या आपल्याच समाजाच्या लेकी होत्या.

वाल्मीकिरामायणात लक्ष्मण सुग्रीवास बजावतो की, अन्य पापांस प्रायश्चित्त आहे, कृतघ्नतेस नाही. स्वधर्मावर दृढ राहूनही त्या अनाम दात्यांस कृतज्ञतेने वंदन करता येते.

आणि ऋणाची फेड? आज उदककुंभ देताना एका निराधार मुलीच्या अन्नाचा व शिक्षणाचा भार प्रत्येक घराने उचलावा. आपल्या लेकींस आपलेच दार उघडे असेल, तर परक्या दारांची चिंता करावी लागणार नाही.