तिसरे औषध

‘अर्जुनाला विषाद झाला तेव्हा श्रीकृष्णाने त्याला गोळी दिली नव्हती.’ हे वाक्य मी आजवर अनेक बौद्धिकांत ऐकले आहे आणि, सांगावयास संकोच वाटतो, चार-पाच ठिकाणी स्वतःही उच्चारले आहे. एकदा तर एका आजारी तरुणाच्या समोर. त्याची हकिगत पुढे येईलच.

२०२२ च्या दिवाळीनंतर माझी झोप पहाटे तीनच्या सुमारास मोडू लागली. वय त्रेसष्ट, बँकेतून निवृत्त, मुले मार्गी लागलेली, डोंबिवलीत स्वतःचे घर. रडावे असे काहीही घडलेले नव्हते. तरीही जाग आली की छातीवर पाटा ठेवल्यासारखे वाटे आणि उजाडेपर्यंत ते ओझे वाढत जाई. सायंकाळी थोडे हलके वाटे. त्यामुळे संध्याकाळी भेटणाऱ्यांना मी बरा दिसे आणि प्रभात शाखेतील मंडळींना आळशी. चाळीस वर्षे सहसा न चुकलेली शाखा चुकू लागली. वर्तमानपत्रातील एकच ओळ चार वेळा वाचूनही डोक्यात शिरेना. नातीचा आवाज नकोसा होई. पुढे पुढे रेल्वे स्थानकावर गाडी येताना फलाटाच्या मध्यभागी, खांबाला टेकून उभे राहण्याची सवय मी लावून घेतली. का, ते घरी सांगितले नाही.

निग्रहाने प्राणायाम वाढवला, सूर्यनमस्कार बाराचे चोवीस केले. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी थायरॉईड तपासले, ते ठीक होते. आम्हा शाकाहारी मंडळींत वारंवार आढळणारी ‘बी-१२’ ची कमतरता निघाली. इंजेक्शनांनी पायांच्या मुंग्या गेल्या, मन होते तेथेच राहिले. तेव्हा त्यांनी मनोविकारतज्ज्ञांकडे जाण्यास सांगितले. आमच्या पिढीला ‘ठाणे’ आणि ‘येरवडा’ ही केवळ गावांची नावे नव्हती. ‘याला आता ठाण्याला पाठवा’ हे वाक्य आम्ही थट्टेत सहज वापरीत असू. मी दीड महिना ती चिठ्ठी पाकिटात घेऊन हिंडलो.

पहिले औषध होते एस्सिटालोप्राम. दोन ते चार आठवड्यांनी गुण दिसू लागेल, पूर्ण परिणामाला सहा आठवडेही लागतील, सुरुवातीला मळमळ आणि बेचैनी होईल, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. त्यातील बेचैनी तेवढी माझ्या लक्षात राहिली. आठव्या दिवशी एका हितचिंतकाने ‘ही गोळी एकदा लागली की सुटत नाही’ असे बजावले आणि दहाव्या दिवशी मी ती बंद केली. म्हणजे औषध निरुपयोगी ठरले असे नव्हे, मी त्याला वेळच दिला नाही. पण पुढे वर्षभर मी लोकांना ‘एक औषध घेऊन पाहिले, उपयोग झाला नाही’ असेच सांगत होतो.

दुसरे औषध सर्ट्रालिन. ते मात्र प्रामाणिकपणे घेतले आणि तेच अंगाशी आले. रक्तदाबासाठी मला लघवी वाढवणारी गोळी चालू होती. उतारवयात या दोन गोळ्या एकत्र आल्या की काही जणांच्या रक्तातील सोडियम घसरते. तिसऱ्या आठवड्यात माझा तोल जाऊ लागला, नातीचे नाव आठवेना. सोडियम १३५ च्या वर हवे, ते १२२ भरले. चार दिवस रुग्णालयात काढले. भेटीस येणाऱ्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर ‘तरी आम्ही सांगत होतो’ हा भाव होता. मलाही तो पटू लागला होता.

घरी आल्यावर यापुढे कोणतेही औषध घेणार नाही, असे मी जाहीर केले. पत्नी भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘अहो, रक्तदाबाच्या पहिल्या गोळीने तुमचे पाय सुजले होते. तेव्हा रक्तदाबाचा इलाज सोडलात का? गोळी बदलून घेतलीत. मग आत्ताच काय वेगळे आहे?’’ माझ्याजवळ उत्तर नव्हते. एवढे बौद्धिक वर्ग घेतलेल्या माणसाला इतका सरळ युक्तिवाद सुचू नये, हेही त्या आजाराचेच लक्षण म्हणावयाचे.

तिसरे औषध मिर्टाझापीन. रात्री झोपताना घ्यावयाचे. डॉक्टरांनी त्यापूर्वी रक्तदाबाची गोळी बदलली आणि दर आठवड्याला सोडियम तपासावयास लावले. झोप पहिल्या आठवड्यातच आली. मनाला मात्र पाच आठवडे लागले. आणि ते एखाद्या पहाटे लख्ख उजाडावे तसे घडले नाही. एके दिवशी पोहे खाताना मी ‘मीठ कमी पडलंय’ म्हणालो. पत्नी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन माझ्याकडे पाहत राहिली. कारण वर्षभरात मी चवीविषयी एक अक्षर काढले नव्हते. वजन सहा किलोंनी वाढले, तोंडाला कोरड पडते, सकाळी थोडा जडपणा असतो. ही किंमत मी देतो आहे आणि ती मला महाग वाटत नाही.

माझा अनुभव अपवादात्मक असता, तर येथे मांडण्याचे कारण नव्हते. २००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या सुमारे ४,००० रुग्णांच्या अभ्यासात पहिल्या औषधाने लक्षणे पूर्णपणे गेली ती साधारण एक तृतीयांश जणांचीच. पुढच्या टप्प्यांच्या आकड्यांवर नंतर वाद झाला, पण पहिलेच औषध बहुतेकांना पूर्ण बरे करीत नाही, यावर कोणाचे दुमत नाही. दुसऱ्या बाजूने, २०१८ साली २१ औषधांच्या ५२२ चाचण्या एकत्र अभ्यासल्या गेल्या. त्यात ती सर्वच औषधे लुटुपुटीच्या गोळीपेक्षा सरस ठरली, काही थोडी, काही अधिक. कोणाला कोणते लागू पडेल, हे आधी सांगणारी रक्तचाचणी मात्र आज तरी डॉक्टरांच्या हाती नाही. म्हणून हा शोध धीराचा आहे, आणि नैराश्याने माणसाचा धीरच आधी जातो. नेमक्या या अवस्थेत आपण हितचिंतक त्याला ‘सोडून दे’ म्हणतो.

‘हे सारे पाश्चात्त्यांचे रसायन’ हा आक्षेपही आपल्या वर्तुळात असतो. त्यातील काही भाग मी मान्य करतो. मेंदूत सेरोटोनिन कमी पडले की नैराश्य येते, हे जाहिरातीसारखे सोपे स्पष्टीकरण वर्षानुवर्षे सांगितले गेले. २०२२ साली लंडनच्या संशोधकांनी घेतलेल्या आढाव्यात त्याला ठोस आधार नसल्याचे नमूद झाले. औषध नेमके का चालते हे पुरते न कळणे, म्हणजे ते चालत नाही असे नव्हे. आणि या इतिहासात एक धागा आपलाही आहे. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधेचे उन्माद व रक्तदाबावरील गुण आधुनिक वैद्यकासमोर मांडले. १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी रक्तदाबावरील तिचा उपयोग जगापुढे नेला. पुढे तिच्यापासून काढलेले रेसर्पिन घेणारे काही रुग्ण खिन्न होतात असे दिसले, आणि मनःस्थितीचा मेंदूतील रसायनांशी संबंध जोडण्याच्या विचाराला त्यातून चालना मिळाली. म्हणून ‘सारे आमच्याच ऋषींनी शोधले’ असे म्हणण्याचा मोह आवरलेला बरा. तरीही ही विद्या आपल्याला परकी नाही, एवढे निश्चित.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात वाताच्या ऐंशी विकारांच्या गणनेत ‘विषाद’ आहे आणि ‘अस्वप्न’ही आहे. त्याच ग्रंथाने चिकित्सेचे तीन प्रकार सांगितले आहेत : दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय. म्हणजे श्रद्धेचे उपाय, औषध-आहाराचे उपाय आणि मनाला आवरण्याचे उपाय. चरकाला तिन्ही लागले, आपण मात्र मधला गाळून उरलेल्या दोहोंवर भागवू पाहतो. प्राणायाम मी आजही करतो. गोळी लागू पडल्यानंतर तो जमू लागला, त्याआधी नुसता श्वास मोजत बसत असे.

आता त्या तरुणाविषयी. २०११ साली आमच्या शाखेतला एक अभियंता मुलगा मला भेटावयास आला. आठ महिने गोळ्या घेत होता, बरा होता, लग्न ठरत होते. ‘काका, मुलीकडच्यांना हे सांगावे का?’ एवढेच त्याला विचारावयाचे होते. मी त्याला अर्जुनाचा दाखला दिला आणि ‘तुझ्यासारख्या स्वयंसेवकाला कुबड्या कशाला?’ असे म्हणालो. त्याने गोळ्या एकदम थांबवल्या. या गोळ्या एकाएकी थांबवावयाच्या नसतात, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवावयाच्या असतात, हे मला ठाऊक नव्हते. विचारावे असेही वाटले नाही. दोन महिन्यांत तो पुन्हा अंथरुणाला खिळला. नोकरी गेली, ठरते लग्न मोडले. सावरावयास त्याला दोन वर्षे लागली. शाखेत तो परत आला नाही. माझ्या आजारपणात मात्र तो रुग्णालयात भेटावयास आला, शहाळे घेऊन. त्याने जुना विषय काढला नाही. मलाही त्या वेळी तो काढता आला नाही. यंदा मार्चमध्ये त्याच्या घरी जाऊन मी क्षमा मागितली.

अर्जुनाचा दाखला मी सोडलेला नाही, पण तो आता निराळा दिसतो. अर्जुनाच्या विषादाला कारण होते, प्रश्न होता आणि प्रश्न विचारण्याची शक्तीही होती. माझ्यापाशी तिन्हींपैकी काहीच उरले नव्हते. शिवाय अठरा अध्याय संपेपर्यंत श्रीकृष्ण रथावरून उतरून गेला नाही. आपण एका वाक्याचा उपदेश करतो आणि चहा संपला की उठतो.

आमच्या नगराच्या गेल्या बैठकीत मी एक सूचना मांडली. मधुमेहाच्या किंवा डोळ्यांच्या शिबिरासाठी जशी आपली माणसे धावतात, तसे नैराश्याचे औषध सुरू झालेल्या घरी पहिले दोन महिने एका कार्यकर्त्याने नियमाने जावे. औषधाविषयी मत देऊ नये. गोळी घेतली का, त्रास काय होतो, पुढची तारीख कधी, इतके विचारावे आणि लागल्यास सोबत दवाखान्यात बसावे. रात्री-अपरात्री कोणी फारच खचलेला वाटला, तर १४४१६ हा सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा क्रमांक हाताशी असावा; ऑक्टोबर २०२२ पासून ती सुरू आहे आणि मराठीत बोलता येते. सूचनेवर पाऊण तास चर्चा झाली. ‘ज्या घरी आपण जाऊ, त्या घराची बदनामी होईल’ असे एक ज्येष्ठ म्हणाले. त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. मी म्हणालो, मग सुरुवात माझ्या घरापासून करा, माझी गोळी अजून चालू आहे. पुढच्या रविवारी दोघे जण येणार आहेत.