मोजलेल्या पावसाचें मोल

आम्हीं एकदां वर्गांत प्रश्न केला, “बजाजनगरास पाणी कोठून येतें?” कोणी म्हणाला नळांतून, कोणी टाकींतून, एका चाणाक्ष मुलीनें जायकवाडीचें नांव घेतलें. उत्तर बरोबर, परंतु अपुरें. पैठणचा नाथसागर ही त्या पाण्याची धर्मशाळा होय. त्याचें माहेर सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. त्र्यंबकचा ब्रह्मगिरि, रतनगड, हरिश्चंद्रगड या डोंगरांकडून गोदावरी, प्रवरा व मुळा या नद्या खालीं येतात. इगतपुरीकडे वर्षास ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पैठणकडे त्याचा चौथा हिस्साही कष्टानेंच. सारांश, आमच्या घागरी तिकडचे ढग भरतात.

पण जेथें पाऊस सर्वांत अधिक, तेथेंच तो मोजणें सर्वांत कठीण. कळसूबाईचें शिखर १६४६ मीटर उंच आहे. अशा कड्यांवर वारा पावसास आडवा नेतो, व कांहीं थेंब मापकाच्या तोंडांत न पडतां बाजूनेंच निघून जातात. खोऱ्यांतील गांवीं एक मापक असला, तरी माथ्यावर किती पडलें हें तो सांगूं शकत नाहीं. आणि चूक लहान दिसली तरी लहान नसते. शंभर चौरस किलोमीटरांवर केवळ दहा मिलिमीटर पाऊस नोंदावयाचा राहिला, तर हिशेबांतून शंभर कोटी लिटर पाणी नाहींसें होतें!

शिवाय पाऊस मोजला म्हणजे काम संपलें असें नव्हे. ज्येष्ठांत तापलेली माती पहिलें पाणी पिऊन टाकते. श्रावणांत तीच तृप्त झाली म्हणजे पाऊस तडक ओढ्यास मिळतो. म्हणून नदीकांठीं पातळीची पट्टी हवी, व कोणत्या पातळीस किती पाणी वाहतें हें वेग मोजून आधींच ठरविलेलें हवें. पुरानें पात्र बदललें कीं तो हिशेब पुन्हां मांडावा लागतो.

या आंकड्यांवर माणसांचे संसार अवलंबून आहेत. २००६ च्या ऑगस्टांत पैठणांत पूर शिरला. २०१६ च्या उन्हाळ्यांत त्याच धरणाचा उपयुक्त साठा संपून मृत साठ्यास हात घालावा लागला. डोंगरावरची वार्ता वेळेवर आली, तर खालच्या गांवांस सामान उचलण्यास एक रात्र तरी मिळते. २०१४ सालीं जलसंपत्ति नियमन प्राधिकरणानें ठरविलें, कीं १५ ऑक्टोबरपर्यंत जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांहून कमी राहिल्यास वरच्या धरणांतून पाणी सोडावें. त्यावरून वरचे व खालचे यांत तंटे झाले, न्यायालयाची पायरीही चढावी लागली. मापच खरें नसेल, तर न्याय कसा खरा होईल?

कोणी म्हणतील, उपग्रह व रडार असतां डोंगरांत मापक कशास? परंतु आकाशांतील यंत्राचा अंदाज जमिनीवरील मापाशीं ताडून पाहावा लागतो. आणि जमिनीवरील स्वयंचलित यंत्राच्या नरसाळ्यांत पाला अडकला, तर तें कोणी तरी काढावाच लागतो. आमचें मत असें, कीं घाटमाथ्यावर मापकांची संख्या वाढवावी, व प्रत्येकाजवळ त्याच गांवचा एक जबाबदार मनुष्य योग्य वेतनावर नेमावा. धरणाच्या भिंतीवर जो खर्च होतो, त्याच्यापुढें हा खर्च कांहींच नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या शाळेच्या आवारांतही एक साधा पर्जन्यमापक बसवावा, अशी आमची इच्छा आहे. रोज सकाळीं साडेआठ वाजतां त्याची नोंद करा. एखादे दिवशीं विसरलांत, तर तो रकाना कोरा ठेवा. अंदाजानें भरूं नका. कोरा रकाना आळस दाखवितो, पण खोटा आंकडा पुढील साऱ्या हिशेबांस फसवितो. दूरच्या डोंगरावर, कोणी पाहत नसतां, भिजत उभा राहून खरा आंकडा लिहिणारा जो कोणी असेल, त्याच्या सचोटीवर आपला पेला भरतो, हें पाणी पितांना आठवावें.