वल्हे की पंखा? पाण्याखालच्या पात्यांचा वाद आणि आपला गढूळ समुद्र

१/
श्रीवर्धनच्या जीवना बंदरात मासेमारी बोटीच्या पंख्यात जाळे गुरफटले, की खलाशांपैकी एखादा सुरी घेऊन पाण्यात उतरतो. पायांत काही नसते. हातभर अंतरापलीकडचे दिसत नाही, म्हणून तो बोटांनी चाचपडत दोर कापतो. जगभरातील डायव्हर गेली पंचवीस वर्षे ज्या प्रश्नावर भांडत आले आहेत, त्याचे आपल्यापुरते उत्तर मला या दृश्यात सापडते.

२/
प्रश्न असा : पाण्याखाली पोहताना पायांत सलग पात्याचे फिन घालावेत, की मधोमध चिरलेल्या पात्याचे? पहिल्याला पॅडल फिन म्हणतात, दुसऱ्याला स्प्लिट फिन. माझे मत आधीच सांगतो. रायगडच्या किनाऱ्यावर आणि एकूणच कोकणच्या उथळ पाण्यात, शिकणाऱ्याच्या पायांत सलग पातेच असावे. हे मत वेगाच्या हिशेबातून आलेले नाही. त्यामागे या पात्यांचा इतिहास आहे आणि आपल्या समुद्राचा तळ आहे.

३/
इतिहासाचा आरंभ एका फसलेल्या प्रयोगाने करू. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बॉस्टनमधील एका मुलाने हातांसाठी लाकडी फळ्या तयार केल्या. सुमारे १० इंच लांब, ६ इंच रुंद, अंगठ्यासाठी भोक. वेग वाढला, पण मनगटे दुखू लागली. पायांनाही त्याने तशाच फळ्या बांधून पाहिल्या, पण त्यांनी त्याचे समाधान झाले नाही. हा मुलगा म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन.

४/
कारणही त्यानेच पुढे नोंदवले : पोहताना पाण्याला रेटा काही अंशी पावलांच्या आतल्या बाजूने आणि घोट्यांनी दिला जातो, तळव्याखालची फळी तिथे पोहोचत नाही. साध्या वाटणाऱ्या या निरीक्षणात पुढच्या सगळ्या वादाचे बीज आहे. पाते कितीही चांगले असो, पाय मारण्याच्या पद्धतीशी त्याची जोडी जुळली नाही तर ते ओझेच ठरते.

५/
पायांसाठीचे खरे फिन फ्रान्समध्ये घडले. नौदल अधिकारी लुई द कोर्लियू याने १९१४ मध्ये आपल्या सहकाऱ्यांपुढे त्यांचे प्रात्यक्षिक केले. पेटंट मिळायला १९३३ साल उजाडले. हे साधन त्याने पोहण्यासाठी आणि बुडणाऱ्यास वाचवण्यासाठी कल्पिले होते. म्हणजे काम पृष्ठभागावरचे. तळाशी काय आहे, याचा विचार तेव्हा करण्याचे कारणच नव्हते.

६/
अमेरिकेचा ओवेन चर्चिल हा १९३२ च्या ऑलिंपिकमधील नौकानयनाचा सुवर्णपदक विजेता. ताहितीमध्ये त्याने स्थानिक पोहणाऱ्यांच्या पायांत ताडाच्या झावळ्यांची, डांबराने घट्ट केलेली पाती पाहिली. पुढे द कोर्लियूकडून परवाना घेऊन त्याने रबरी फिन विकायला काढले. १९४० मध्ये, पहिल्या वर्षी, ९४६ जोड खपले. मग महायुद्ध आले, आणि मित्रराष्ट्रांच्या पाणबुड्या सैनिकांनी हेच फिन पायांत चढवले.

७/
१९४३ मध्ये कुस्तो आणि गान्यां यांनी ॲक्वालंग सिद्ध केले आणि माणूस पाठीवर हवा घेऊन मोकळेपणाने तळाशी वावरू लागला. आता पाठीवरच्या टाकीसह सगळे ओझे पायांनीच ढकलायचे होते. १९६४ मध्ये मार्सेयच्या जॉर्ज ब्युशा याने जेट फिन आणले : जाड रबर, ताठ पाते, पाणी जाऊ देणाऱ्या खाचा. साठ वर्षे उलटली, तरी गुहांत आणि बुडालेल्या जहाजांत शिरणारे डायव्हर आजही त्याच घडणीचे फिन निवडतात.

८/
स्प्लिट फिन अवतरले १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात. पीट मॅकार्थी या अमेरिकी संशोधकाच्या कल्पनेवरून अनेक कंपन्यांनी ते काढले. कल्पना समजायला आपल्याला दूर जावे लागत नाही. होडीचे वल्हे पाणी मागे रेटते. यांत्रिक बोटीचा पंखा फिरताना पाणी कापतो आणि त्यातून पुढे जाण्याचे बळ मिळवतो. सलग पाते म्हणजे वल्हे. चिरलेल्या पात्याचे दोन भाग प्रत्येक फटक्याला वाकून पंख्याच्या पात्यांसारखे काम करतात, असा त्याच्या पुरस्कर्त्यांचा दावा.

९/
या दाव्यातील वेगाच्या भागावर वाद आहे. सोयीच्या भागावर फारसा नाही. स्प्लिट फिन पायाला हलके लागतात. गुडघे आणि घोटे दुखणाऱ्या माणसाला लहान, जलद फटक्यांनी सरळ रेषेत दूरवर जाता येते. हा गुण खरा आहे, आणि त्याची टिंगल करणारे डायव्हर मला उथळ वाटतात. पन्नाशी ओलांडलेल्या कुणाला हे फिन पुन्हा समुद्रात घेऊन जात असतील, तर त्यांचे उपकारच मानावेत.

१०/
अडचण सरळ रेषा सोडली की सुरू होते. जागच्या जागी वळणे, मागे सरकणे, तळापासून वीतभर उंचीवर स्थिर राहणे, यासाठी पात्याने पाण्याला घट्ट धरावे लागते. बेडकासारखे गुडघे वाकवून, फिन वर उचलून पाणी सरळ मागे ढकलावे लागते. मऊ, चिरलेले पाते इथे निसटते. आणि वर-खाली मारलेला प्रत्येक फटका पाण्याचा झोत खाली, तळाकडे पाठवतो.

११/
आता आपला तळ पाहा. हरिहरेश्वरच्या दक्षिणेला सावित्री समुद्राला मिळते, उत्तरेला राजपुरीची खाडी. पावसाळ्यात सह्याद्रीची माती या वाटांनी समुद्रात येते, आणि उधाणाची भरती ती वर्षभर घुसळत राहते. म्हणूनच किनाऱ्यावरचा जाणता माणूस पाण्यात उतरायला भांगाचे दिवस निवडतो. तेव्हा ओढ कमी असते, गाळ थोडा बसलेला असतो. रेंद्याचा हा थर एका चुकीच्या फटक्याने उठतो.

१२/
हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. शिकत असताना, कोकणातल्याच एका ठिकाणी, मला भाड्याचे स्प्लिट फिन मिळाले होते. खडकावर असेपर्यंत मजा वाटली. चिखलाचा पट्टा आला, मी घाबरून चार फटके मारले, आणि काही क्षणांत समोरच्या प्रशिक्षकाचा हात दिसेनासा झाला. वर कुठे, खाली कुठे, तेही कळेना. त्याने माझा पट्टा धरून ठेवला, म्हणून निभावले. दोष माझ्या पायांचा होता, हे मान्य. पण नवशिक्याचे पाय चुकणारच. साधनाने ती चूक वाढवू नये.

१३/
दुसरी गोष्ट जाळ्यांची. आपल्या खडकांवर तुटलेली जाळी, नायलॉनचे दोर, गळाच्या तंगूस जागोजागी अडकलेल्या असतात. पात्याच्या मधोमध असलेली चीर म्हणजे दोरीला दिलेले आमंत्रण. जीवना बंदरातला खलाशी पंख्यातून जाळे कापतो, तेव्हा दोन पात्यांच्या सांध्यात काय जाऊन बसते हे त्याला पक्के ठाऊक असते. तोच सांधा आपण नवशिक्याच्या पायांत का बांधावा?

१४/
तिसरी गोष्ट मालवणची. १६६४ मध्ये ज्याचे बांधकाम सुरू झाले त्या सिंधुदुर्गाभोवती आज प्रवाळ आहेत. १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे. जवळच तारकर्लीला स्कूबा प्रशिक्षणाची शासकीय संस्था आहे. प्रवाळावर बसलेला गाळ त्याचा श्वास कोंडतो, आणि त्याची तुटलेली फांदी भरून यायला वर्षे लागतात. तिथे फिनची निवड ही खासगी आवड राहत नाही. पर्यटकांना ज्या प्रवाळामुळे मालवण दिसते, ते प्रवाळ आणि त्यावर चालणाऱ्या चुली, दोन्ही त्या निवडीशी बांधलेल्या आहेत.

१५/
एक आक्षेप रास्त आहे : कौशल्य असेल तर कोणतेही फिन चालतात. खरे आहे. पण कौशल्य येईपर्यंतच्या काळाचे काय? आणि जिथे पाणी नितळ, तळ खोल, अंतर लांब, तिथे मी स्प्लिट फिनला विरोध करणार नाही. विजयदुर्गच्या पश्चिमेला, शंभराहून अधिक किलोमीटरवर कान्होजी आंग्र्यांच्या नावाचे आंग्रिया बँक हे बुडालेले पठार आहे. तिथला समुद्र वेगळा, तिथले गणितही वेगळे.

१६/
त्याच कान्होजींना १७१४ मध्ये शाहू महाराजांच्या बाजूला वळवणारे बाळाजी विश्वनाथ आमच्या श्रीवर्धनचे. आंग्र्यांचा किनारा आंग्र्यांच्याच कलाने राखावा लागतो, हे ओळखून त्यांनी तह केला. परक्या समुद्रासाठी घडलेले साधन जसेच्या तसे आणण्यापूर्वी तेवढा शहाणपणा आपणही दाखवावा.

१७/
निसर्ग वादळाने ३ जून २०२० रोजी आमच्या सुपारीच्या वाड्या आडव्या केल्या. त्यानंतर अनेक घरे पर्यटनाकडे आशेने पाहत आहेत. उद्या इथे कुणी डायव्हिंग सुरू केले, तर माझी विनंती एवढीच : आधी कोळीवाड्यातल्या जाणत्यांना बोटीवर घ्या, भांगाचा दिवस निवडा, शिकणाऱ्याला सलग पात्याचे फिन द्या आणि पहिल्या दिवशी पुढे जायला शिकवण्याआधी स्थिर राहायला शिकवा.

१८/
वेगळा अनुभव असलेल्यांनी अवश्य लिहावे; विशेषतः आपल्याच किनाऱ्यावर स्प्लिट फिन घालून गाळ न उठवता पोहणाऱ्यांनी. त्यांच्याकडून शिकायला मला आवडेल.