खुंटी लावलीस का?

घोड नदी शिरूरवरून वाहते, भीमा दौंडवरून. दोहोंचे पाणी शेवटी कृष्णेतून समुद्राला मिळते. आम्हा इकडच्या मंडळींचा समुद्राशी संबंध एवढाच! तेव्हा मी शिडाच्या होडीवर लिहावे याचे वाचकांना नवल वाटेल. पण कारण घरचेच आहे. शिरूरला दिलेल्या माझ्या पुतणीची मुलगी मुंबईत नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी शिडाची होडी शिकते. आईचा जीव टांगणीला. "काका, तुम्हीच तिला समजवा," असा दौंडला निरोप आला. मी समजवायला गेलो आणि समजून घेऊन आलो.

डोलकाठीच्या पाठीला उभी खोबण असते. मुख्य शिडाच्या कडेला नायलॉनचे बोटाच्या पेराएवढे तुकडे बांधलेले असतात. त्यांना स्लग म्हणतात. ते एकेक करून खोबणीत ओवायचे आणि दोर ओढून शीड चढवायचे. आपल्या पडद्याच्या पट्टीसारखेच! पट्टीच्या टोकाचा अडसर निघाला की कड्या पटापट बाहेर पडतात. खोबणीलाही स्लग ओवण्यासाठी खाली रुंद तोंड असते. त्यावर खुंटी किंवा झाकणपट्टी लावायची राहिली, तर शीड खाली घेताना स्लग निसटतात. घरातला पडदा निसटला तर फार तर शेजारी डोकावतील. समुद्रावर मात्र वारा चढला की शीड आखूड करावे लागते, आणि स्लग निसटतात ते नेमके तेव्हाच! सुटलेले शीड फडफडू लागते आणि डुलत्या होडीवर उभे राहून एकेक स्लग पुन्हा ओवावा लागतो.

"म्हणून, आजोबा, खुंटी लावून खालचा स्लग मी ओढून बघते. आणि मगच निघते," नात म्हणाली. उन्हाने नायलॉन ठिसूळ होते, स्लग शिडाशी जोडणारी पट्टी झिजते. म्हणून चार-दोन स्लग आणि एक खुंटी जवळ जास्तीची. खोबणीला तेल चोपडायचे नाही, त्यावर धूळ बसते. गोड्या पाण्याने धुवायचे आणि कोरडे सिलिकोन फवारायचे. हे सारे ऐकून मी पुतणीला कळवले, "तिला अडवू नकोस."

दौंड जंक्शनच्या माणसाला तर हे लगेच पटावे. रेल्वेचा की-मॅन रुळावरून मैलोन् मैल पायी जातो आणि रूळ धरून ठेवणारी चावी किंवा क्लिप सैल दिसली की ठोकून बसवतो. गाडीतल्या प्रवाशांना त्याचे नावही ठाऊक नसते.

रत्नाकर दांडेकरांनी गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेल्या 'म्हादेई'तून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. पुढे 'तारिणी'तून नौदलाच्या सहा महिला अधिकारी २०१७-१८ मध्ये जग फिरून आल्या, आणि २०२४-२५ मध्ये दिलना के. व रूपा ए. या दोघीच. एवढ्या लांब पल्ल्यात दुरुस्तीला बोलवायला कोणी नसते. होडीवरची बारीकसारीक वस्तू आपली आपणच जपायची.

तेव्हा ज्यांची मुले होडी शिकतात त्या आईबापांनी "वादळ येईल का रे?" असे विचारू नये. त्याचे उत्तर मुलांच्या हाती नसते. "खुंटी लावलीस का?" एवढे मात्र जरूर विचारावे.