कॅमेरा कोणाच्या मागे, कोणासाठी?

मॉलमधला एक कॅमेरा माणूस पाहतो. दहा कॅमेरे एकमेकांना जोडले की ते त्याचा माग काढतात. चेहरा दिसलाच पाहिजे असेही नाही. कपड्यांचा रंग, उंची, चालण्याची ढब जुळवून एका कॅमेऱ्यातला माणूस दुसऱ्यात ओळखला जातो. याला 'सुरक्षा' म्हणतात. सफाई कामगार संडासाच्या दाराआड किती मिनिटे होता, ही नोंद कोणाची सुरक्षा? 2017 साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तो काय फक्त बंगलेवाल्यांसाठी?

पण आम्ही सरसकट कॅमेऱ्याच्या विरोधात नाही. परमवीर सिंग सैनी खटल्यात 2 डिसेंबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला: पोलीस ठाण्याचे दार, व्हरांडे, कोठड्या, सगळीकडे कॅमेरे लावा, चित्रण 18 महिने, निदान वर्षभर जपा. म्हणजे वस्तीतून उचललेल्या पोराचा दारापासून कोठडीपर्यंतचा माग मिळायलाच हवा. मग मारहाणीची तक्रार झाली की नेमका तिथलाच कॅमेरा बंद कसा निघतो?

कार्यकर्त्यांनो, कोणाला ठाण्यात नेले की त्याच दिवशी लेखी अर्ज द्या. तारीख, वेळ, ठाण्याचे नाव घाला, चित्रण राखून ठेवण्याची मागणी करा आणि पोच घ्या. एक प्रत राज्य मानवी हक्क आयोगाला पाठवा.