एवढ्याने काय होते?

दिवाळीच्या फराळाचे ताट पुढे आले की आपल्या घरांतून दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पाहुणा म्हणतो, "पुरे, नको आता." आणि घरची बाई म्हणते, "अहो, एवढ्याने काय होते?" ह्या आग्रहाची गोडी मलाही आहे. एक लाडू जास्त झाला तर फार तर रात्रीचे जेवण चुकते. परंतु ज्याला एखाद्या पदार्थाची ॲलर्जी आहे त्याच्या बाबतीत ह्या प्रश्नाचे उत्तर फार निराळे असते.

आमच्या शेजारच्या वहिनींचा मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याला शेंगदाणा चालत नाही. गेल्या भाऊबीजेला त्यांच्याकडे फराळाला मीही होते. चिवड्याची बशी समोर येताच त्याने हळूच विचारले, "आजी, ह्यात दाणे आहेत का?" आजी मायेने म्हणाल्या, "आहेत रे बाळा, पण मी वेचून काढून देते हो!" मुलाने आईकडे पाहिले. वहिनी "नको, सासूबाई" म्हणाल्या, आणि आजींचा चेहरा पडला. चार माणसांत सासूचा हात अडवायचा की मुलाला जपायचे, असा पेच सणासुदीला सुनेवर का यावा?

आजींचे प्रेम खोटे नव्हते. त्यांना फक्त एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती. दाणा वेचला तरी त्याचा चुरा पोह्यांना लागून राहतो, आणि ज्याला त्रास आहे त्याला तेवढाही पुरतो. दाणे भाजले किंवा तळले म्हणूनही ते निर्धोक होत नाहीत. ॲलर्जी म्हणजे अपचन नव्हे आणि लाडही नव्हेत. शरीराची संरक्षणव्यवस्था निरुपद्रवी अन्नालाच शत्रू समजून त्याच्यावर तुटून पडते. दूध न पचून पोट फुगणे वेगळे आणि दुधाची ॲलर्जी वेगळी. "थोडे थोडे देऊन सवय लावू," हा प्रयोगही घरी करावयाचा नाही. तो तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखालीच होतो.

आता कुणी म्हणेल, एवढे सोपस्कार कोण सांभाळणार? मला ह्याचे हसू येते. उपासाच्या साबुदाण्याला खरकटा चमचा लागू न देणाऱ्या, चातुर्मासात कांदालसूण बाजूला ठेवणाऱ्या आणि जैन शेजारणीसाठी बटाट्याविना भाजी करणाऱ्या बायका आपणच ना? वेगळे भांडे, वेगळा हात, आधी विचारणे, हे सारे आपल्या अंगवळणी पडलेलेच आहे. देवासाठी जे करतो तेच एका लेकरासाठी करावयाचे, इतकेच.

फराळ करताना त्या मुलाचे पदार्थ सर्वांत आधी, ताज्या तेलात तळावे. दाणे तळलेल्या तेलात शंकरपाळे सोडू नयेत. घाण्याच्या शेंगदाणा तेलाचाही धोका असतो, म्हणून तेल दुसरे घ्यावे. ज्या मिक्सरच्या भांड्यात दाण्याचे कूट केले ते, आणि झारा, साबणाने स्वच्छ धुवावा; नुसते पुसून भागत नाही. डबा वेगळा ठेवून त्यावर नाव लिहावे. काजू, तीळ, दूध, गहू, बेसन ह्यांपैकी कशाचाही त्रास कुणाला असू शकतो. तेव्हा लाडू, चकली, करंजी ह्यांत काय काय घातले आहे ते आठवणीने सांगावे. बंद पाकिटावर दाणे, सुकामेवा, दूध, गहू ह्यांची सूचना छापण्याचे बंधन २०२० च्या नियमांनी घातले आहे. पण हलवायाकडच्या सुट्या मिठाईवर ती कुठून असणार? तिथे विचारावे, आणि खात्री नसेल तर मुलाला देऊ नये.

इतके करूनही चूक झाली तर? अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, उलटी, आवाज बसणे, धाप लागणे, चक्कर येणे ही लक्षणे काही मिनिटांत दिसू लागतात. श्वासाला त्रास किंवा चक्कर दिसली की "बघू या थोडा वेळ" म्हणू नये. डॉक्टरांनी ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन लिहून दिले असेल तर ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला लगेच द्यावे, आणि १०८ ला फोन करावा. मुलाला आडवे निजवून पाय उंच ठेवावे. धाप असेल तर टेकून बसवावे, पण चालवू नये. ॲलर्जीच्या साध्या गोळीवर विसंबून वेळ दवडू नये. बरे वाटले तरी रुग्णालयात न्यावेच, कारण त्रास पुन्हा उलटू शकतो.

भगिनींनो, यंदा फराळाचे बोलावणे करताना एक वाक्य जास्त बोला: "तुमच्याकडे कुणाला काही चालत नाही का हो?" हा प्रश्न यजमानीणीने विचारावा, नऊ वर्षांच्या मुलाला भरल्या घरात तो विचारावा लागू नये. आणि कुणी "नको" म्हणाले तर ते एकदाच ऐकून घ्या. आग्रह करावयाचाच असेल तर बसण्याचा करा, गप्पांचा करा. त्याची ॲलर्जी अजून कुणाला झालेली माझ्या ऐकिवात नाही!