पुलापलीकडचे उपचार

मल्टिपल स्क्लेरॉसिस हे नाव उच्चारायला अवघड आणि ती व्याधी सोसायला त्याहून अवघड. मेंदू व मज्जारज्जू यांतील तंतूंवर मायलिनचे वेष्टन असते. शरीराची संरक्षकशक्तीच उलटते आणि या वेष्टनावर हल्ला चढवते. मग कधी दृष्टी अंधुक होते, कधी पाय जड पडतात, कधी लघवीवरचा ताबा सुटतो. बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान, म्हणजे ऐन कमावत्या वयात, हा रोग माणसाला गाठतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत त्याचे प्रमाण दुपटीच्या वर आहे. तो समूळ बरा करणारे औषध अद्याप नाही. रोगाची उचल कमी करणारी औषधे आहेत, परंतु त्यांसाठी वर्षानुवर्षे मज्जाविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली राहावे लागते.

ठाणे-भिवंडी रस्त्यावर खाडीकाठी वसलेल्या कशेळीतील एखाद्या स्त्रीला हा रोग जडला असे समजा. सार्वजनिक रुग्णालयातील तज्ज्ञ गाठायचा तर पूल ओलांडून बाळकुममार्गे ठाणे स्टेशन, तेथील जिने, लोकलची गर्दी आणि शेवटी परळच्या केईएम रुग्णालयातील रांग. उष्म्याने या रोगाची जुनी लक्षणे तात्पुरती उफाळतात, हे वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. म्हणजे उपचारासाठी केलेला प्रवासच रुग्णाला अधिक जायबंदी करून सोडतो. सोबत येणाऱ्याचा यंत्रमागावरचा किंवा गोदामातला खाडा पडतो, तो वेगळाच.

अशा रुग्णाला दूरध्वनीवरून वा पडद्यावरून सल्ला मिळाला तर त्याचे मोल किती, हे सांगायला नको. २५ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने दूरवैद्यकासाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये ई-संजीवनीची घरबसल्या सल्ल्याची सेवाही सुरू झाली. आता चर्चासत्रांतून प्रश्न विचारला जातो, तो असा : या नव्या साधनासाठी रुग्णांची तयारी आहे काय?

प्रश्न रास्त असला तरी तो अर्धाच आहे. तयारी ही केवळ मनाची अवस्था नसते. ती परिस्थितीतून घडते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया सुमारे ३३ टक्के, तर पुरुष ५७ टक्के होते. ज्या रोगाचा भार स्त्रियांवर अधिक, त्याच्या उपचाराचे साधन पुरुषांच्या खिशात अधिक, असा हा विपर्यास आहे. एका खोलीच्या बिऱ्हाडात सासरे व दीर समोर बसलेले असताना लघवीच्या तक्रारीविषयी डॉक्टरांशी कोणती स्त्री मोकळेपणाने बोलेल? तिच्या मौनाला ‘तयारीचा अभाव’ म्हणणे हा शुद्ध अन्याय आहे.

साधनाच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. औषधाचे दुष्परिणाम, रक्ततपासणीचे अहवाल, व्यायाम, थकव्याचे नियोजन, मनाची उभारी यांविषयी दुरून बोलता येते. हातोडीने प्रतिक्षिप्त क्रिया तपासणे, नेत्रपटल पाहणे, एमआरआय काढणे किंवा शिरेतून औषध देणे दुरून साधत नाही. नवे लक्षण चोवीस तासांहून अधिक टिकले तर रोगाने पुन्हा उचल खाल्ल्याची शंका घ्यावी लागते. तेव्हा रुग्णाला तपासणाऱ्या हातांची गरज असते.

दूरवैद्यक म्हणजे सार्वजनिक रुग्णालयांवरील खर्च टाळण्याची पळवाट, असा आक्षेप काही कार्यकर्ते घेतात. हा धोका खरा आहे. डॉक्टरांच्या रिकाम्या जागा पडद्याने झाकण्याचा मोह कोणत्याही सरकारला होईल. म्हणून साधनच नाकारावे, हा निष्कर्ष मात्र ज्यांना स्टेशनचे जिने चढता येतात त्यांनाच परवडणारा आहे. लढा साधनाशी नाही. ते कोणाच्या हाती आणि कोणत्या अटींवर राहील, याविषयीचा आहे.

त्या अटी नेमक्या मांडता येतात. जवळच्या आरोग्य केंद्रात दार लावता येईल अशी खोली, चालू यंत्रणा आणि रुग्णाशेजारी बसणारी प्रशिक्षित परिचारिका असावी. पडद्यावर दर वेळी नवा चेहरा न दिसता रुग्णाचा पूर्वेतिहास जाणणारा तोच तज्ज्ञ भेटावा. प्रत्यक्ष तपासणीची गरज भासल्यास रुग्णालयातील वेळ आणि वाहन यांची हमी त्याच संभाषणात मिळावी. सांगितलेले औषध सरकारी औषधालयात उपलब्ध असावे. विकत घेता न येणाऱ्या औषधाची चिठ्ठी पडद्यावर उमटली काय आणि कागदावर उमटली काय, सारखेच.

या रोगाच्या रुग्णांना संघटित करणारी मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९८५ पासून कार्यरत आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने या व्याधीला आपल्या सूचीत स्थान दिले. मान्यता कागदावर आली. ती वस्तीपर्यंत पोहोचवणे हे राजकीय कार्यकर्त्याचे काम आहे. भिवंडी तालुक्यातील कार्यकर्त्यांनी आपापल्या आरोग्य केंद्रात जाऊन वरील अटींपैकी कोणत्या पाळल्या जातात, हे एकदा पाहावे. रुग्णांची तयारी किती, याचे उत्तर तेथेच मिळू लागेल.